चहा नाकारलात, तिथून सुरुवात करू

पुण्यात प्रॅक्टिस करणाऱ्या एका तरुण डॉक्टरांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश आधी देते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला तेव्हा त्या इंटर्नशिप करत होत्या. पाणी उतरल्यावर एका स्वयंसेवी गटाबरोबर त्या शिरोळ तालुक्यातल्या एका गावात चार दिवस औषधं घेऊन गेल्या. सकाळी शाळेत शिबिर आणि दुपारी घरोघरी फेरी, असं काम होतं. अशाच एका घरी बीपी आणि शुगरच्या गोळ्या वाहून गेलेल्या एक आजी भेटल्या. गोळ्यांचं पाकीट हातात देताना गटातल्या एकानं ‘आजी, इकडं बघा’ म्हणत फोटो काढला. आजींनी पदर तोंडावर ओढला, पण तोवर फोटो निघाला होता. जाता जाता डॉक्टरांनी एक ओळ अशीही लिहिली आहे की, निघताना आजी ‘वाईच च्या घेऊन जा’ म्हणाल्या, पण उशीर होत होता आणि त्यांच्यावर भार नको म्हणून आम्ही नको म्हटलं.

तो फोटो तेव्हापासून दर पावसाळ्यात गटाच्या मदतीच्या आवाहनावर येतो. यंदा आजींच्या मुलानं फोन केला. ‘आईचा फोटो काढून टाका. घर पाण्यात गेलं होतं आमचं, पण ती भिकारीण नव्हती.’ गटातल्या ज्येष्ठांचं म्हणणं असं की, फोटो नसेल तर देणगी येत नाही आणि देणगी नसेल तर औषधं येत नाहीत. एकाच्या रागापायी शंभरांची औषधं अडवायची का? आणि याच गटानं यंदा वैद्यकीय पथकाचं नेतृत्व या डॉक्टरांना देऊ केलं आहे. त्या विचारतात, ‘मदत घेताना थोडा कमीपणा वाटणारच, असं समजून पुढं जाऊ? की या कामाला मी लायकच नाही? शेवटी औषध महत्त्वाचं की मान?’

डॉक्टर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. फोटोबद्दल तुम्ही दीड पान लिहिलं आहे आणि चहाला एक ओळ दिली आहे. मला आधी त्या एका ओळीपाशी थांबायचं आहे.

घरात घोटाभर चिखल. भिंतीवर डोक्याच्या वर गेलेली पाण्याची रेघ. धान्य कुजल्याचा वास. आणि त्या घरातली म्हातारी दारात आलेल्या तुम्हा मंडळींना चहाचं विचारते. साखर कदाचित शेजारणीकडून आणली असती, दूध नसतं तर कोरा केला असता. तुम्हाला तो त्यांच्यावरचा भार वाटला. तुमच्या हेतूबद्दल मला जराही शंका नाही. तुमच्या वयात मीही हेच केलं असतं. पण त्या बाईंच्या जागी उभं राहून बघा. आठ दिवस त्या दुसऱ्याच्या होडीतून, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमधून, दुसऱ्यानं दिलेल्या सतरंजीवर आणि दुसऱ्यानं वाढलेल्या ताटावर दिवस काढून घरी परतल्या होत्या. त्या आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे कुणाला तरी देण्यासारखं काही होतं. तुम्ही पाहुण्या झाला असतात आणि त्या पुन्हा त्या घरच्या मालकीण झाल्या असत्या, निदान पाच मिनिटं. गोळ्या त्यांनी तरीही घेतल्याच असत्या. पण चहाची देवाणघेवाण झाली असती, तर गोळ्या घेणं हे भीक घेणं राहिलं नसतं.

मुलाच्या फोनमधलं वाक्य मला तिथं जाऊन भिडलं. तुम्ही त्यांच्याशी उद्धटपणे वागलात असं तो म्हणत नाही. तुम्ही त्याच्या आईला एकाच भूमिकेत पाहिलंत, आणि मग तीच भूमिका कायमची चौकटीत बसवून वर्षानुवर्षं सगळ्यांना दाखवलीत, हे त्याचं दुःख आहे. (उकळलेला चहा पुराच्या गावात मिळणाऱ्या कुठल्याही पाण्याइतका तरी सुरक्षित असतो, हे डॉक्टरला मी सांगायला नको.)

आता माझं एक सांगते. मी हे कुठल्या उंचीवरून बोलत नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची ती घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि वर मातीच्या जड माळवदाची. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच भिंत आणि तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. मी तेव्हा तुमच्यासारखीच इंटर्न होते. तिसऱ्या दिवशी सास्तूरच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडखाली आम्ही जखमींना बघत होतो. गंभीर असतील त्यांना सोलापूरला पाठवत होतो. एक तिशीतली बाई आली. मनगट मोडलेलं, हात कोपरापर्यंत सुजलेला आणि सुजेत रुतलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या. आपल्याला शिकवलेलं असतं की सुजणाऱ्या हातातलं सगळं आधी काढायचं, नाहीतर रक्तप्रवाह अडतो. मी तेच केलं. कापडात धरून एकेक बांगडी फोडली. ती ओरडली ती दुखण्यानं, असं मला वाटलं. मग ती म्हणाली, ‘माझा मालक अजून सापडला न्हाई ओ बाई, तुम्ही बांगड्या कशाला फोडल्या?’

वैद्यकीयदृष्ट्या माझं काहीही चुकलं नव्हतं. तिचा हात वाचला असणार. पण बांगड्या कधी फोडतात हे मला, मराठी घरात वाढलेल्या मुलीला, कुणी शिकवायची गरज नव्हती. ‘हात काळा पडेल म्हणून या काढाव्या लागतील, तुमच्या मालकाशी याचा काही संबंध नाही, सूज उतरली की नव्या भरा,’ एवढी दोन वाक्यं बोलायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. मागं रांग होती, हे कारण मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला देत राहिले. रांग होतीच. पण अर्ध्या मिनिटानं त्या रांगेतलं कुणी दगावलं नसतं.

म्हणून ‘औषध महत्त्वाचं की मान’ हा तुमचा प्रश्न मला पटत नाही. त्यात तुम्ही एक तराजू गृहीत धरला आहे: मानाचं पारडं जड केलं की औषधाचं वर जाणार. शिबिरात प्रत्यक्षात काय होतं ते बघू.

पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो, म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती टाळायची असते. आता शाळेच्या वर्गात एक टेबल, टेबलाभोवती सहा माणसं, आणि रांगेत एक नवी सून. तिच्या मागं सासू, पुढं चुलत दीर. तुम्ही मोठ्यानं विचारता, ‘दिवस गेलेत का?’ तिला दुसरा महिना चालू असेल आणि घरात अजून कुणाला सांगितलं नसेल, तर ती मान हलवून नाही म्हणणार. गोळी घेऊन जाणार. इथं मान राखला नाही, आणि त्याच कारणानं उपचारही चुकला.

पुरात प्रत्येकाच्या रोजच्या गोळ्या वाहून गेलेल्या असतात. बीपीच्या गोळ्या गेल्या हे माणूस चारचौघांत सांगतो. टीबीच्या गेल्या हे दबक्या आवाजात सांगतो. एचआयव्हीच्या एआरटी गोळ्या गेल्या, फिट्सच्या किंवा मानसिक आजाराच्या गेल्या, हे गावच्या शाळेत, ओळखीच्या माणसांच्या रांगेत, कुणी सांगत नाही. गप्पपणे खोकल्याचं औषध घेऊन निघून जातो. आणि खंड पडला तर सगळ्यात जास्त नुकसान याच औषधांच्या बाबतीत होतं.

बायकांचं तर विचारूच नका. छावणीत संडासाची सोय धड नसते, दार लागत नाही, रात्री अंधार असतो, म्हणून त्या पाणीच कमी पितात. मग लघवीला जळजळ, ताप. पुरुष डॉक्टर आणि उघडं टेबल असेल तर त्या ‘डोकं दुखतंय’ एवढंच सांगतात. सॅनिटरी पॅड पुरुष स्वयंसेवक रांगेत नाव पुकारून वाटतात तेव्हा अर्ध्या जणी पुढं येत नाहीत, आणि मग अहवालात लिहिलं जातं की गावात पॅडना मागणी नव्हती.

तर या कामात मान म्हणजे उपचारावर वरून चढवलेली शोभा नव्हे. पडदा हा स्टेथोस्कोपसारखाच तपासणीचा भाग आहे. दोन साड्या आणि एक दोरी असली की वर्गाच्या कोपऱ्यात खोली तयार होते. त्या पडद्याआड प्रत्येकाला, अगदी धडधाकट दिसणाऱ्यालाही, एकच प्रश्न ठरलेला ठेवा: ‘रोज घ्यायची कुठली औषधं पाण्यात गेली का? इथं बोललेलं इथंच राहील.’ सगळ्यांना विचारलं की कुणा एकावर बोट राहत नाही. एआरटी किंवा टीबीचं औषध तुमच्या खोक्यात नसणार; ते सरकारी केंद्रातून मोफत मिळतं. जवळचं केंद्र कुठलं, सुरू आहे का, तिथवर जायला रस्ता आहे का, हे तुम्ही जाण्याआधी विचारून ठेवलेलं असावं. माणसाला तिथवर पोचतं करणं हेही तुमचंच काम.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीतक आहे, ते तुमच्या लक्षात आलेलं नसावं. तुम्ही लिहिता, ‘मी इंटर्न होते, तरी चार दिवस एकटीनं पेशंट बघितले, कारण तिथं दुसरं कुणीच नव्हतं.’ अभिमानानं लिहिलं आहे, आणि दमछाकीचं मला कौतुकही आहे. पण पुण्यात तुमच्या आईला इंटर्ननं, कुणा वरिष्ठाच्या देखरेखीशिवाय, शुगरची गोळी बदलून दिली असती तर चाललं असतं का? पूर आला म्हणून माणसाची पात्रता खाली येत नाही. ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ हे वाक्य आपण नेहमी दुसऱ्याच्या आईबद्दल बोलतो. आणि दुसरं कुणी नव्हतं, हेही पूर्ण खरं नसतं. गावात आशाताई होती. तिचं स्वतःचं घर पाण्यात असेल, तरी कुठल्या घरात कुणाला काय आजार, कोण बाळंतीण, कोण अंथरुणाला खिळलेलं, हे तिला पाठ असतं. प्राथमिक आरोग्य केंद्राची नर्सबाई होती, अंगणवाडीची सेविका होती. बाहेरून आलेली पथकं यांना बाजूला सारून टेबल मांडतात, यांनाच पाणी आणायला आणि लोकांना बोलवायला लावतात, आणि चार दिवसांनी निघून जातात. उरलेले महिने त्याच निभावणार असतात. गावाच्या मानात त्यांचाही मान येतो.

त्या आजींना तुम्ही किती दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या? पाच दिवसांच्या, असं पत्रात आहे. सहाव्या दिवशी काय, हे त्यांना कुणी सांगितलं का? कागदावर मराठीत गोळीचं नाव, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, आणि पुढच्या गोळ्या कुठं मिळतील, एवढं लिहून दिलं का? नसेल, तर मला विचाराल तर फोटोइतकीच ही गोष्टही मनाला लावून घ्या. फोटोची चूक दिसते म्हणून टोचते. ही दिसत नाही.

आता देणगीचा मुद्दा. तुमच्या ज्येष्ठांना मी खोटं पाडणार नाही. दीनवाणा चेहरा दाखवला की पैसे लवकर येतात, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो फोटो काढून टाकलात तर पहिल्या वर्षी देणग्या थोड्या कमी येतीलही. पण ‘फोटो नाही तर औषध नाही’ या साखळीत एक कडी गाळलेली आहे. देणगीदाराला विश्वास हवा असतो, आणि त्यासाठी रडवेला चेहरा दाखवणं हा सगळ्यात सोपा मार्ग. दुसरे मार्ग कष्टाचे आहेत, इतकंच. औषधांची बिलं दाखवा. किती जणांचं ड्रेसिंग केलं, किती जणांना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, किती जणांच्या बंद पडलेल्या बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, महिनाभरानं त्यातले किती जण पुन्हा तपासले, हे आकडे मांडा. चिखलानं भरलेला दवाखाना आणि तुम्ही तो धुतल्यानंतरचा दवाखाना, असे फोटो टाका. त्यात कुणाची आई नसते.

आणि माणसाचा फोटो हवाच असेल, तर संमतीचा नीट विचार करा. पाकीट तुमच्या हातात असताना विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर खरं नसतं, कारण नाही म्हटलं तर पाकीट मिळेल का, ही शंका त्या माणसाच्या मनात असते. तुमच्या मनात नसली तरी त्याच्या असते. म्हणून देताना कॅमेरा बंद, हा नियमच करा. सगळं देऊन झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, औषध देणाऱ्याहून वेगळ्या माणसानं जाऊन विचारावं, फोटो कुठं आणि किती दिवस वापरणार ते सांगावं, काढलेला फोटो दाखवावा आणि नको म्हटल्यास त्यांच्यासमोर पुसावा. ‘नंतर कधीही नको वाटलं तर या नंबरवर सांगा’ असा कागद द्यावा. हे जड वाटतं का? मग फोटो नको.

हा माझा वैयक्तिक हट्ट आहे असं गटात कुणी म्हणालं तर सांगा की रेड क्रॉस चळवळ आणि मदतसंस्थांची १९९४ ची दहा कलमांची आचारसंहिता आहे. तिचं दहावं कलम याच विषयावर आहे: प्रसिद्धी करताना आपत्तीत सापडलेल्यांना हतबल वस्तूंसारखं न दाखवता प्रतिष्ठा असलेली माणसं म्हणून दाखवावं. आणि तुमच्यापुरतं तर तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतही आहे की, ओळख पटेल असा रुग्णाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय नियतकालिकात छापायचा नाही. गटाचं आवाहन हे नियतकालिक नसेल, पण ज्यासाठी तो नियम केला ते कारण तिथंही तसंच लागू होतं. आजी तुमच्या रुग्ण होत्या. दवाखान्याचं छप्पर नव्हतं, एवढाच फरक.

२०१९ मध्येच मदतीच्या पिशव्यांवर नेत्यांनी स्वतःचे फोटो छापण्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. आपण सगळ्यांनी तेव्हा नावं ठेवली. घेणाऱ्याचा चेहरा छापणं त्याहून बरं कसं?

औषधांच्या खोक्याबद्दल थोडं, कारण हे पत्र वाचणारे बरेच जण यंदाही सोसायटीतून औषधं गोळा करतील. अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या, घरातल्या उरलेल्या बाटल्या, दोन महिन्यांत मुदत संपणारे सॅम्पल, हे देऊ नका. औषधदानाबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांत पोचल्यावर साधारण किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी आणि रुग्णांकडून परत आलेली औषधं देऊ नयेत, असं स्पष्ट आहे. त्या पूरकाळात रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते ते मी विसरलेले नाही. फाटकी साडी देणाऱ्याला वाटतं की अडलेला माणूस काहीही घालेल. औषधांचंही तसंच होतं. त्यापेक्षा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला एक फोन करा आणि काय कमी आहे ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर अगदी साधं असतं: बीपी-शुगरच्या गोळ्या, ओआरएस, पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या, चिखल्यांवरचं मलम. पायाच्या बोटांतल्या चिखल्या कुणाला बातमीसारख्या वाटत नाहीत, पण चिखल उपसणाऱ्या माणसाला त्याच चालू देत नाहीत.

दुःखाबद्दलही एक सांगायचं आहे. तरुण स्वयंसेवक कळवळ्यानं विचारतात, ‘काय काय झालं, सांगा ना.’ २०१९ च्या त्याच पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला होडी उलटली तेव्हा माणसं गेली. त्या पट्ट्यातल्या लोकांना पुढचे कित्येक दिवस प्रत्येक नव्या गाडीतून उतरणाऱ्याला तेच पुन्हा सांगावं लागलं असेल, या कल्पनेनं मला आजही कसंतरी होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचं सार तीन सूचनांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. ‘ऐका’ म्हणजे बोलतील ते ऐका. उकरून काढू नका. कुणी गप्प बसून राहिलं तर शेजारी गप्प बसा. त्यांचा भाऊ दुसऱ्या छावणीत आहे का, हे शोधून देणं कित्येकदा समुपदेशनापेक्षा मोठं ठरतं.

आणि मृतांविषयी. तुमच्या पत्रात नाही, पण पथकाचं नेतृत्व घ्याल तेव्हा हा प्रसंग येऊ शकतो. किल्लारीला सामूहिक चिता पेटल्या. ‘साथ पसरेल’ ही भीती तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी होती, माझ्याही. भूकंपात, पुरात, दरड कोसळून गेलेल्यांच्या मृतदेहांमुळे सहसा साथी पसरत नाहीत, हे आज वैद्यकशास्त्र ठामपणे सांगतं. मृतदेह हाताळणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, हात धुवावेत, पिण्याच्या पाण्यापासून अंतर ठेवावं, एवढी काळजी पुरते. तेव्हा ओळख पटवायला, फोटो आणि अंगावरच्या खुणा नोंदवायला, घरच्यांना शेवटचं तोंड बघू द्यायला वेळ घेता येतो. तुम्ही डॉक्टर म्हणून हे एक वाक्य ठामपणे बोललात तर कुणाला तरी आपलं माणूस आपल्या हातानं नेता येईल. बांगड्या फोडलेल्या त्या बाईला तिचा मालक सापडला की नाही, मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

तुम्ही विचारता, लायक आहे का मी? इतक्या वर्षांपूर्वी पदर ओढला गेला तो क्षण तुम्हाला अजून दिसतो, गटात बाकी कुणाला दिसला नाही. तेव्हा नेतृत्व तुम्ही घ्यावं असं मला वाटतं. पण अटी आधी, होकार नंतर. तो फोटो सगळीकडून काढला जाईल, पोस्टर, पत्रकं, जुनी आवाहनं, सगळीकडून, आणि काढल्याचं तुम्हाला लेखी कळवलं जाईल. देताना कॅमेरा बंद राहील. पथकात बाई डॉक्टर असेल, इंटर्न मुलं वरिष्ठाबरोबर बसतील. स्थानिक आरोग्य केंद्र म्हणेल त्याच गावात आणि म्हणेल त्याच दिवशी जायचं. केंद्रानं सांगितलं की आता गर्दी आहे, तीन आठवड्यांनी या, तर तीन आठवड्यांनी जायचं. गाड्यांचा ताफा परतल्यावर गाव एकटं पडतं आणि तेव्हाच डॉक्टर लागतो. यातलं पहिलंच मान्य झालं नाही, तर गट सोडा. काम सोडू नका. आरोग्य केंद्रांना चार दिवस हात द्यायला डॉक्टर हवेच असतात, आणि तिथं कुणी तुमचा फोटो मागणार नाही.

राहिला मुलाचा फोन. फोटो निघाल्याची खात्री झाल्यावर तुम्ही स्वतः त्यांना फोन करा. गटातर्फे करू नका. देणगीचं, हेतूचं, कुणी फोटो काढला त्याचं, काही सांगत बसू नका. ‘तुमच्या आईंना न विचारता फोटो काढला तेव्हा मी समोर होते आणि थांबवलं नाही. चुकलं माझं. आता तो काढला आहे,’ एवढं बोला आणि ते काय बोलतात ते ऐका. रागावले तर रागावू द्या. माफ केलं म्हणावंच, अशी अपेक्षा ठेवू नका. तुमचं मन हलकं करणं हे त्यांचं काम नाही.

आईंना भेटायला येऊ का, असं मात्र विचारा. नको म्हणाले तर तिथंच थांबा. या म्हणाले तर एकट्या जा, औषधांचं खोकं गाडीत ठेवू नका, एखाद्या मावशीकडे जाताना न्याल तेवढीच फळं न्या. दारात नाव सांगा. आठवलं नाही त्यांना, तरी चालेल. बीपीच्या गोळ्या चालू आहेत का, हे त्यांनी आपणहून काढलं तर बोला. बाकी त्या सांगतील ते ऐका, जनावरांचं, उसाचं, नातवाच्या लग्नाचं. आणि त्या चुलीकडे किंवा गॅसकडे वळल्या, की या वेळी बसून राहा.